अमेरिकेची काँग्रेस सरकारी खात्यांना जाब कसा विचारते, आणि घोडं कुठे पेंड खातं

प्रश्न असा होता: अमेरिकी काँग्रेसच्या सुनावण्यांचे व्हिडिओ रोज फिरत असतात. सदस्य अधिकाऱ्याला फैलावर घेतो, अधिकारी ‘माहिती घेऊन कळवतो’ म्हणतो, आणि पुढे काहीच ऐकू येत नाही. मग केंद्रीय खात्यांवर काँग्रेसचा खरंच वचक आहे का? असला तर तो कशामुळे? आणि इमिग्रेशनचं प्रकरण अडकून पडलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा काही उपयोग होतो का?

वचक आहे, पण व्हिडिओत दिसतं त्यामुळे तो फारसा बसत नाही. प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या, सुनावणीत एका सदस्याच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. त्यातली दोन-तीन त्याच्या स्वतःच्या भाषणात जातात आणि मुरलेला अधिकारी उरलेला वेळ ताकास तूर न लागू देता काढतो. खात्यांना खरी धास्ती असते ती दोन गोष्टींची. कुठला कागद मागायचा हे नेमकं ठाऊक असलेला समितीचा कर्मचारी, आणि पुढच्या वर्षीचा पैसा. बाकीची यंत्रणा या दोहोंच्या आधाराने चालते.

भारतातल्या पद्धतीची सवय असलेल्यांची इथे एक गल्लत होते. दिल्लीत मंत्री स्वतः संसदेत बसतो. त्यामुळे प्रश्नोत्तराचा तास, तारांकित प्रश्न, सभागृहात दिलेलं आश्वासन पुरं झालं का हे पाहणारी आश्वासन समिती, हे सगळं शक्य होतं. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सरकारी पदावरच्या माणसाला काँग्रेसचं सदस्य राहता येत नाही. त्यामुळे प्रश्नोत्तराचा तास नाही. मंत्र्याला बोलवावं लागतं, कागद मागावे लागतात, आणि नाही मिळाले तर भांडावं लागतं. दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. आपल्याकडे लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून संकेताने विरोधी पक्षाकडे असतं. अमेरिकेत समित्यांचे अध्यक्ष बहुमतवाल्या पक्षाचे असतात आणि समन्सचा अधिकार व्यवहारात त्यांच्याच हाती असतो. राष्ट्राध्यक्ष आणि सभागृह एकाच पक्षाचे झाले की देखरेख ढिली पडते. पक्ष वेगळे झाले की पत्रांचा पाऊस पडतो. हा दोष दोन्ही पक्षांचा आहे; एकाला झाकून दुसऱ्याला काढावं असं काही नाही.

राज्यघटनेत ‘देखरेख’ असा शब्दही नाही. कायदे करायचे तर माहिती लागणार, म्हणून माहिती सक्तीने मागण्याचा अधिकार कायदे करण्याच्या अधिकारातच आला, हे सर्वोच्च न्यायालयाने १९२७ च्या मॅकग्रेन विरुद्ध डॉहर्टी या खटल्यात मान्य केलं. १९४६ च्या कायद्याने स्थायी समित्यांवर खात्यांकडे सतत लक्ष ठेवण्याची जबाबदारीच टाकली. पण १९५७ च्या वॉटकिन्स खटल्यात न्यायालयाने मर्यादाही आखून दिली: केवळ एखाद्याला उघडं पाडायचं म्हणून चौकशी करता येत नाही, विषयाचा कायदे करण्याशी संबंध हवा. म्हणून समितीच्या प्रत्येक गंभीर पत्रात पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात ‘अमुक कायद्यात बदल करायचा का, हे ठरवण्यासाठी’ असं वाक्य असतं. ते शोभेचं नाही. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तेच वाक्य वाचलं जातं.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते एका प्रकरणावरून पाहू. माजी सैनिकांच्या खात्याची, म्हणजे व्हीएची, देशभर रुग्णालयं आहेत. भेटीसाठी सैनिकाला १४ दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागू नये, असं खात्याचं उद्दिष्ट होतं, आणि वरिष्ठांचं मूल्यमापन त्या आकड्याशी जोडलेलं होतं. हे दिवस मोजायचे कसे? रुग्णाला ज्या दिवशी यायचं आहे ती ‘इच्छित तारीख’ कारकुनाने संगणकात भरायची, आणि तिथपासून प्रत्यक्ष भेटीपर्यंतचे दिवस मोजायचे. पाणी मुरत होतं ते इथेच. कारकून आधी मोकळी तारीख शोधायचा, ‘तीन महिन्यांनी जमेल का?’ असं विचारायचा, रुग्ण नाइलाजाने हो म्हणायचा, आणि तीच तारीख ‘इच्छित’ म्हणून भरली जायची. प्रतीक्षा शून्य दिवस! जिथे एवढंही जमत नव्हतं तिथे नाव अधिकृत प्रतीक्षायादीत चढतच नव्हतं.

हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. काँग्रेसच्या अखत्यारीतल्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, डिसेंबर २०१२ मध्ये चार वैद्यकीय केंद्रं तपासून सांगितलं होतं की खात्याचे प्रतीक्षेचे आकडे विश्वासार्ह नाहीत. खात्याच्याच इन्स्पेक्टर जनरलने २००५ पासून भेटींच्या नोंदणीतल्या दोषांवर १८ अहवाल दिले होते. अहवालांची वाण नव्हती. त्यांच्या शिफारशींचा पाठपुरावा करून ‘अमुक महिन्यापर्यंत काय बदललं ते दाखवा’ असं म्हणणारं कोणी नव्हतं. एप्रिल २०१४ मध्ये फिनिक्सच्या रुग्णालयाबद्दल आतल्याच एका डॉक्टरने तोंड उघडलं, तेव्हा प्रतिनिधीगृहाच्या समितीने कागद मागितले आणि मे महिन्यात समन्स काढलं. २८ मे रोजी इन्स्पेक्टर जनरलचा अंतरिम अहवाल आला. २२६ सैनिकांच्या नमुन्यात रुग्णालयाने सरासरी प्रतीक्षा २४ दिवस दाखवली होती, प्रत्यक्षात ती ११५ दिवस निघाली. १,७०० सैनिक अधिकृत यादीत नव्हतेच. दोन दिवसांत मंत्री एरिक शिन्सेकी यांनी राजीनामा दिला. ७ ऑगस्ट रोजी सुमारे १६ अब्ज डॉलरच्या तरतुदीचा कायदा झाला आणि प्रतीक्षेचे आकडे बक्षिसी ठरवताना वापरायला त्यात बंदी आली. २०१५ मध्ये जीएओने व्हीएची आरोग्यसेवा आपल्या ‘अतिजोखमीच्या’ यादीत घातली.

यात सुनावणीचा वाटा किती? थोडा. खरं काम केलं ते २२६ नोंदी एकेक उघडून बघणाऱ्या तपासनिसांनी. समितीच्या कर्मचाऱ्याने यातून घ्यायचा धडा असा की, खात्याने दिलेला आकडा जसाच्या तसा कधी घेऊ नये. तो कुठल्या दोन नोंदींमधला फरक आहे, त्या नोंदी कोण भरतं आणि आकडा चांगला दिसण्यात कोणाचा फायदा आहे, हे आधी विचारावं.

आता पत्राबद्दल, कारण देखरेखीचं नव्वद टक्के यश-अपयश तिथेच ठरतं असं माझं मत आहे. कच्चं पत्र ‘या विषयाशी संबंधित सर्व कागदपत्रं आणि पत्रव्यवहार’ मागतं. खात्याच्या वकिलाला याहून सोयीचं काही नसतं. शोधायला महिने लागतील असं तो कळवतो, मग वेबसाइटवर आधीच असलेले अहवाल आणि वर्तमानपत्रांची कात्रणं अशी हजारो पानं पाठवतो, आणि ‘आम्ही पूर्ण सहकार्य केलं’ म्हणायला मोकळा होतो. पक्कं पत्र निराळं असतं. त्यात पाच-सहा पदांची नावं असतात, ज्यांच्या मेलपेट्या तपासायच्या. कालावधी असतो, शोधायचे शब्द असतात. आणि एखादा अगदी नेमका कागद स्वतंत्रपणे मागितलेला असतो, अमुक बैठकीत वाटलेलं टिपण, अमुक निर्णयाची सहीची प्रत. नेमक्या कागदाला ‘सापडत नाही’ म्हणणं अवघड जातं. मुदत बहुधा दोन आठवड्यांची देतात. पानांना सलग क्रमांक हवेत, मजकूर संगणकावर शोधता यावा, खासगी फोनवरचे संदेशही जपून ठेवावेत, आणि जे कागद रोखले त्यांची कारणांसह यादी द्यावी, हे सगळं पत्रासोबतच्या सूचनांत लिहितात. क्रमांक कशाला? मधली पानं गायब झाली तर कळावं म्हणून.

उत्तरात खात्यांचे काही ठरलेले डाव असतात. पहिला, कागदांऐवजी तोंडी माहिती देण्याची तयारी दाखवणं. तासाभराची बैठक होते, सगळे गोड बोलतात, हाती काहीच लागत नाही. बैठक जरूर घ्यावी, पण पत्र मागे घेऊ नये, आणि त्याच संध्याकाळी ‘आज आपण असं सांगितलंत’ असा मेल टाकून ठेवावा. दुसरा डाव म्हणजे विशेषाधिकाराची सावली. राष्ट्राध्यक्षांचा गोपनीयतेचा विशेषाधिकार खातं स्वतःच्या बळावर वापरू शकत नाही. १९८२ पासूनच्या पद्धतीनुसार तो राष्ट्राध्यक्षांच्याच मान्यतेने पुढे करायचा असतो आणि त्याची राजकीय किंमत मोजावी लागते. म्हणून खाती तो पुढे करतच नाहीत, ‘गोपनीयतेच्या दृष्टीने तपासत आहोत’ एवढंच म्हणत राहतात आणि महिने जातात. त्यावर उपाय एकच: विशेषाधिकार लागू केला आहे की नाही, हो किंवा नाही, असं लेखी विचारणं. तिसरा प्रकार तडजोडीचा आहे. समितीच्या माणसांनी खात्याच्या कार्यालयात येऊन कागद वाचावेत, टिपणं घ्यावीत, प्रत मिळणार नाही. पुष्कळदा यातूनच काम होतं. न्यायालयंही दोन्ही बाजूंनी आधी तडजोड करून पाहावी, असंच म्हणत आली आहेत.

साक्षीचंही तसंच. खात्याच्या अधिकाऱ्याचं लेखी निवेदन आधी व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयातून, म्हणजे ओएमबीतून, मंजूर होऊन येतं, आणि पुष्कळदा आदल्या रात्री येतं. त्यामुळे त्यात शोधण्यासारखं फारसं नसतं. उपयोगी पडतात त्या सुनावणीआधीच्या बंद दाराआडच्या मुलाखती, जिथे समितीचे वकील तासतासभर सलग प्रश्न विचारतात आणि शब्दन्‌शब्द टिपला जातो. सुनावणीनंतरचे लेखी प्रश्नही मोलाचे. त्यांची उत्तरं अधिकृत नोंदीत जातात आणि दोन वर्षांनी तोच अधिकारी उलटला तर समोर ठेवता येतात. समितीच्या अधिकृत चौकशीत जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा शपथ नसतानाही गुन्हा आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

आणि कोणाच्या सहीचं पत्र आहे, यालाही महत्त्व आहे. अध्यक्षाच्या पत्रामागे समन्स उभं असतं. एकट्या सदस्याच्या पत्रामागे कायद्याचं बळ नसतं, असं न्याय खात्याने २०१७ मध्ये लेखीच कळवलं. अल्पमतवाल्यांसाठी १९२८ चा एक जुना कायदा आहे: प्रतिनिधीगृहाच्या देखरेख समितीतले सात किंवा सिनेटच्या संबंधित समितीतले पाच सदस्य मिळून खात्याकडे माहिती मागू शकतात. पण खातं नाही म्हणालं तर तो कोर्टात कितपत टिकेल, हे सर्वोच्च न्यायालयाने अजून ठरवलेलं नाही.

समन्स धुडकावलं तर? साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा हाच. १८५७ च्या कायद्याने काँग्रेसचा अवमान हा फौजदारी गुन्हा ठरवला, पण खटला भरायचा तो न्याय खात्याच्या वकिलाने, म्हणजे ज्या सरकारला जाब विचारायचा त्याच सरकारच्या माणसाने. जून २०१२ मध्ये प्रतिनिधीगृहाने ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांना २५५ विरुद्ध ६७ मतांनी अवमानाबद्दल दोषी ठरवलं, २०२४ मध्ये मेरिक गार्लंड यांना २१६ विरुद्ध २०७ मतांनी. दोन्ही वेळा खटला झाला नाही. ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन आणि पीटर नवारो यांना २०२४ मध्ये चार-चार महिने तुरुंगात काढावे लागले, पण समन्स निघालं तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही पदावर नव्हतं आणि सरकार बदललेलं होतं. सभागृहाने स्वतःच माणूस पकडून आणण्याचा जुना अधिकार १९३५ नंतर वापरलेला नाही. दिवाणी दावा करता येतो, पण त्यात सभागृहाची दोन वर्षांची मुदतच संपून जाते. म्हणून जाणती समिती समन्सचा उपयोग तारीख ठरवून घेण्यासाठी करते आणि पदावरच्या अधिकाऱ्याला तुरुंगाची भीती घालण्यात वेळ दवडत नाही.

नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि इथे नाक म्हणजे पैसा. दरवर्षी सरकारी खर्चाला मंजुरी देणारी १२ विनियोजन विधेयकं होतात. त्यांत अट घालता येते की अमुक अहवाल येईपर्यंत अमुक कार्यालयाच्या निधीतली ठरावीक रक्कम खर्च करता येणार नाही. ही अट मंत्र्याच्या स्वतःच्या कार्यालयाच्या खर्चावर लावली तर अहवाल वेळेत येतो, दुर्गम उपक्रमाच्या निधीवर लावली तर येत नाही. विधेयकासोबतच्या समितीच्या अहवालातल्या सूचना कायदा नसतात, तरी खाती त्या सहसा पाळतात, कारण पुढच्या वसंतात त्याच उपसमितीसमोर हात पसरायचा असतो. एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळवायचा तर अनेक विधेयकांत १५ दिवस आधी कळवण्याची अट असते. या सूचना कंटाळवाण्या दिसतात, पण खात्याचे खरे अग्रक्रम त्यांतच वाचायला मिळतात.

हे हत्यार बोथट होतं ते दोन कारणांनी. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि सगळी विधेयकं त्याआधी मंजूर झाली असं १९९७ च्या आर्थिक वर्षानंतर घडलेलं नाही. तात्पुरत्या ठरावावर सरकार चाललं की गेल्या वर्षीचाच पैसा पुढे जातो आणि नव्या अटी बाहेर राहतात. दुसरं कारण, मंजूर पैसा सरकारने खर्चच न करणं. १९७४ च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांना खर्च रद्द करायचा असेल तर प्रस्ताव पाठवावा लागतो आणि काँग्रेसच्या कामकाजाच्या ४५ दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर पैसा मोकळा करावा लागतो. युक्रेनची लष्करी मदत रोखून ओएमबीने हा कायदा मोडला, असा निर्णय जीएओने जानेवारी २०२० मध्ये दिला. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीला ४.९ अब्ज डॉलरच्या परदेशी मदतीबद्दलचा प्रस्ताव अशा बेताने आला की ४५ दिवस संपण्याआधी ३० सप्टेंबरला वर्षच संपावं. सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात त्यातले सुमारे ४ अब्ज डॉलर रोखून धरू दिले. पैशाची वेसण काँग्रेसच्या हाती आहे, या गृहीतकालाच यामुळे तडा गेला आहे.

खात्याच्या आत काँग्रेसचे डोळे म्हणजे इन्स्पेक्टर जनरल. १९७८ च्या कायद्याने १२ खात्यांत सुरू झालेली ही पदं आता सत्तरहून अधिक आहेत. ते दर सहा महिन्यांनी अहवाल देतात. त्यांचं खरं अस्त्र क्वचित वापरलं जातं: गंभीर प्रकार आढळला तर खातेप्रमुखाला पत्र द्यायचं, आणि प्रमुखाने ते सात दिवसांत काँग्रेसकडे पाठवायचं. क्वचित वापरतात, कारण त्याच्या नुसत्या उल्लेखाने बहुतेक कामं होतात. त्यांना काढायचं तर राष्ट्राध्यक्षांनी ३० दिवस आधी सविस्तर कारणांसह काँग्रेसला कळवावं, असा कायदा आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १७ जणांना तसं न करताच काढलं गेलं. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, पण कोणालाही परत नेमलं नाही.

एका भारतीय वंशाच्या माणसाचं नाव या इतिहासात कायमचं कोरलं गेलं आहे. केनियात जन्मलेले जगदीश राय चढ्ढा विद्यार्थी व्हिसावर आले, मुदत संपल्यावर त्यांची हकालपट्टी इमिग्रेशन न्यायाधीशाने १९७४ मध्ये थांबवली, आणि १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहाने एकट्याने ठराव करून ती सवलत काढून घेतली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की एका सभागृहाला असा नकाराधिकार वापरता येणार नाही. अनेक कायद्यांत पेरलेली ही सोय एका फटक्यात गेली. खात्याचा निर्णय फिरवायचा तर दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षांची सही, म्हणजे नवा कायदाच, हवा.

आता तुमच्या इमिग्रेशनकडे. तुमच्या पत्त्याच्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात हे काम करणारा स्वतंत्र कर्मचारी असतो. नागरिक नसलात तरी तिथे राहत असल्यामुळे ते सहसा मदत करतात. आधी खात्याच्या वेबसाइटवर तुमच्या अर्जाच्या प्रकाराला लागणारा नेहमीचा कालावधी बघा आणि तो उलटला असेल तर तिथेच चौकशी नोंदवा. नाही तर पहिलं उत्तर ‘प्रकरण कालावधीत आहे’ असंच येईल. मग कार्यालयाचा संमती अर्ज भरा. १९७४ च्या गोपनीयता कायद्यामुळे तुमच्या सहीशिवाय खातं सदस्यालाही तुमची माहिती देत नाही. सही ज्याचं प्रकरण त्याचीच हवी. नवऱ्याने बायकोच्या प्रकरणावर केलेली सही, ही अर्ज परत येण्याची नेहमीची तऱ्हा. तीन अक्षरं आणि दहा अंकांचा पावती क्रमांक, अर्ज कधी भरला ती तारीख, नोटिशींच्या प्रती आणि अर्ध्या पानात तारीखवार हकिकत द्या. एकाच वेळी प्रतिनिधी आणि दोन्ही सिनेटर अशा तीन दारांत जाऊ नका. तीन चौकश्या एकाच टेबलावर येतात आणि उत्तर देण्यातच वेळ जातो.

यातून हरवलेली फाइल सापडते, चुकीच्या पत्त्यावर गेलेलं कार्ड परत निघतं, खरंच तातडी असेल तर त्वरित निकालाच्या विनंतीकडे लक्ष जातं. निर्णय बदलत नाही. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग तर याने एक दिवसही पुढे सरकत नाही, कारण एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे, ती खात्याच्या हातात नाही. पण एखाद्या केंद्रात एकाच प्रकारचे अर्ज अडकल्याचं तुमच्या ओळखीच्या दहा-पंधरा जणांना दिसत असेल, तर प्रत्येकाने आपापल्या प्रतिनिधीकडे वेगळं जावं आणि हकिकतीत केंद्राचं नाव, अर्जाचा प्रकार आणि महिना ठळक लिहावा. मतदारसंघातल्या कर्मचाऱ्याला चार सारखी प्रकरणं दिसली की तो वॉशिंग्टनच्या कार्यालयाला कळवतो, आणि तिथून समितीच्या पत्रात तो प्रश्न जायला वाट मिळते.